ते ठिगळ अजून तसंच आहे

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही फोन बोलण्यापुरताच वापरता, त्यामुळे हे पत्र तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेल. वाचणाऱ्याला विनंती: काका मध्येच ‘बरं बरं, पुढे वाच’ म्हणतील, तरी एकही ओळ गाळू नका. पत्र उघड लिहितेय, कारण आमच्यासारखेच हौशी लोक आज कुठेतरी एखाद्या जुन्या भिंतीपुढे सिमेंटची पोती उतरवत असतील.

आभाराआधी एक कबुली. उत्तरेची भिंत आम्हीच खराब केली होती. वाचनालयाची ती इमारत पाडणार अशी कुजबुज सुरू झाली, आम्ही पंधरा-वीस जण जमलो, वर्गणी काढली आणि चार रविवारांत अख्ख्या भिंतीला सिमेंटचा गिलावा चढवला. काय गुळगुळीत दिसत होती! फोटो काढले, एकमेकांची पाठ थोपटली. पहिल्या पावसानंतर आतल्या बाजूला लोणा फुटला. पुस्तकांच्या कपाटामागे पांढरी बुरशी आली असं वाटून आम्ही ती पुसत राहिलो. ते मीठ होतं, हे तुम्ही चिमटीत घेऊन दाखवलंत तेव्हा कळलं.

तुम्ही आलात तो दिवस आठवतो. कुणाशी न बोलता तुम्ही भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलात. दर हातभर अंतरावर बोटांच्या मागच्या हाडांनी टकटक, मग कान लावून थांबणं. भरीव, भरीव, पोकळ. पोकळ आवाज आला की खडूची फुली. टोकाला पोचलात तेव्हा भिंतीवर फुल्याच फुल्या होत्या. ‘हे कुणी केलं’ असं तुम्ही विचारलं नाहीत. विचारलंत एवढंच, ‘किती दिवस लागले लावायला?’ चार रविवार, असं मी म्हणाले. ‘काढायला जास्त लागतील,’ म्हणालात आणि पिशवीतून छिन्नी काढलीत.

नंतर कधीतरी, हात चालू ठेवूनच, तुम्ही समजावलंत. जमिनीतली ओल दगडी भिंतीत चढणारच. चुन्याच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या चुन्यानं भरलेल्या फटी, तिला बाहेर सोडतात. सिमेंट सोडत नाही. मग ओल दगडातच कोंडते, सुकताना तिच्यातलं मीठ दगडाच्या पोटात फुगतं आणि दगडाचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटतो. चुना दगडापेक्षा नरम असतो तो उणेपणा नव्हेच. झिजायचं ते दरजेनं झिजावं, दगडानं नाही. दरज पुन्हा भरता येते. मी नंतर शोधलं तर पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं निघालं, इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिनचं. चुन्यात उभ्या राहिलेल्या इमारती त्याच्या कित्येक शतकं आधीच्या, आणि आम्ही मात्र सिमेंट म्हणजेच मजबुती असं धरून चाललो होतो.

मग चुन्याचा खड्डा. कळीच्या चुन्यावर पाणी पडल्यावर तो असा खदखदला की पोरं दोन पावलं मागं सरली. भट्टीत सुमारे ९०० अंशांना भाजलेला चुनखडीचा दगड पाणी मिळताच त्यातली काही उष्णता परत देतो, हे शाळेत वाचलं होतं. वाफ तोंडावर आली तेव्हा ते खरं वाटलं. डोळे झाकणाऱ्या संरक्षक चष्म्याशिवाय आलेल्या मुलीला तुम्ही त्या दिवशी जवळही येऊ दिलं नाहीत. ती रुसली. आता नवीन येणाऱ्यांना तीच दरडावते.

सगळ्यात जड गेलं ते थांबणं. विरवलेला चुना पाण्याखाली ठेवून तुम्ही चक्क निघून गेलात. आम्ही दर आठवड्याला फोन करायचो, ‘झाला का?’ तुमचं उत्तर ठरलेलं: ‘घाई असेल तर रंग मारा नि घरी जा.’ पुढे वाचनात आलं की तीन वर्षांहून कमी मुरलेला चुना बांधकामात वापरू नये असा जुना नियम होता, अशी नोंद रोमन लेखक प्लिनीनं करून ठेवली आहे. तीन वर्षं! तुम्ही आम्हाला काही महिन्यांवर सोडलंत, हे उपकारच म्हणायचे.

दरज भरायला तुम्ही शिकवलीत ती माझ्या बोटांत बसली आहे. रुंदीच्या दुप्पट खोल मोकळी करायची, ब्रशनं धूळ काढायची, पाणी मारायचं. दगड ओला हवा पण त्यावर पाणी साचलेलं नको. मग एक भाग चुना, तीन भाग वाळू, आणि थापीच्या टोकानं आत दाबत जायचं, वरवर फासायचं नाही. माझी पहिली हातभर दरज तुम्ही बोटानं खरवडून काढलीत. दुसरीही काढलीत. तिसरीपाशी काही न बोलता पुढे गेलात. नंतर ओलं गोणपाट टांगून रोज पाणी मारायची पाळी आली. त्यात कुणाला फोटो काढावासा वाटला नाही, आणि खरं काम तेच होतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू पुन्हा दगड होतो. फार लवकर सुकला तर भुसभुशीत राहतो.

छज्ज्याखालच्या तुटलेल्या नक्षीवरून आपलं भांडणच झालं. आमच्यातल्या एकानं सुंदर वेलबुट्टी काढून आणली होती. तुम्ही कागद नीट पाहिलात, हात छान आहे म्हणालात, आणि विचारलंत, ‘तिथे हेच होतं, कुणी पाहिलंय?’ कुणीच पाहिलं नव्हतं. ‘मग राहू द्या.’ पोरगा आठवडाभर फिरकला नाही. स्मारकांच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेतही हेच आहे: जिथे अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्तीनं थांबायचं. ती तुम्ही वाचली असेल असं वाटत नाही. तिथपर्यंत तुम्ही तुमच्या वाटेनं पोचलात.

आणि ईशान्येचा कोपरा. तिथे आमचं सिमेंट दगडाला असं चिकटलं होतं की माझ्या पहिल्याच घावाला कोपऱ्याच्या दगडाची कड उडाली. तुम्ही माझ्या हातातून छिन्नी काढून घेतलीत. मला वाटलं, स्वतः करून दाखवणार. तुम्ही ती पिशवीत टाकलीत. ‘हे आता इथंच राहील. काढायला गेलो तर दगड जाईल.’ मी म्हणाले, दिसतंय फार वाईट. तुम्ही म्हणालात, ‘दिसू दे.’

ते ठिगळ अजून तसंच आहे, करडं, दीड हात रुंद. इमारत पाहायला येणारे तिथेच बोट ठेवतात आणि हे राहिलं का म्हणून विचारतात. आधी मी विषय बदलायची. आता सरळ सांगते, ते आम्ही लावलं होतं.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, यायचं भाडंही नाही, याचा उल्लेख करू नका असं तुमच्या घरून बजावण्यात आलं होतं. केला.

गुडघ्यांचं कळलं. येत्या रविवारपासून पश्चिमेच्या दरजा मोकळ्या करायला घेतोय. आलात तर सावलीत खुर्ची टाकू. परांचीवर मात्र चढू देणार नाही, रागावलात तरी. तुमची जुनी थापी इथेच राहिली आहे. मूठ सैल झाली होती, ती आम्ही बदलली नाही, फक्त पाचर मारून घट्ट केली. बरोबर केलं ना, ते येऊन पाहा.

तुमची,
हजेरीवही सांभाळणारी