ऑपरेशन झालं, पण जेवायचं कसं ते कोण सांगणार?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत वजन कमी करायच्या ऑपरेशनवर अख्खं पान आलं होतं. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, जुन्या पँटमध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा, वगैरे वगैरे. छान होतं, पण दोनदा वाचलं तरी एक गोष्ट कुठे सापडली नाही, ती म्हणजे ही माणसं नंतर जेवली कशी. मी ह्यातून गेलेय म्हणून लिहितेय. पत्र मोठं झालंय, कापायचं तर कापा पण भाताचं जे लिहिलंय ते तेवढं ठेवा.

मी गुहागर तालुक्यातली. आमचं घरगुती जेवणाचं काम आहे, पर्यटक आले की थाळ्या, सीझनला दिवसाला पन्नास-साठ ताटं होतात. माझं वजन १०८ किलो, उंची पाच फूट एक इंच, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) ४५, शुगर आठ वर्षांची, गुडघ्यांचं तर विचारूच नका. मे महिना अंगावर काढला आणि पाऊस लागल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईला जाऊन ऑपरेशन करून घेतलं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही कारण ऑपरेशन त्यांनी चांगलंच केलं, माझी तक्रार त्याबद्दल नाहीच. स्लीव्ह म्हणतात त्याला, दुर्बिणीतून जठराचा पाऊण भाग किंवा थोडा जास्तच कापून काढतात आणि मागे राहते केळ्यासारखी लांबट नळी, तिच्यात मावतं १०० ते १५० मिली, म्हणजे टपरीवरचा एक कटिंग आणि वर दोन घोट. सुरुवातीला आत सूज असते तेव्हा तेवढंही नाही. आणि भूक लावणारं हार्मोन जास्त करून जठराच्या ज्या भागात तयार होतं तो भागच काढलेला असतो त्यामुळे पहिले काही महिने भूक अशी लागतच नाही. थाळ्या वाढण्यात जन्म गेलेल्या बाईला हे इतकं विचित्र वाटायचं की मी मुद्दाम फोडणीजवळ जाऊन उभी राहायची, बघू काही वाटतंय का.

डिस्चार्जच्या दिवशी हातात तीन पानी कागद दिला, सगळा इंग्लिशमध्ये. पहिले दोन दिवस नुसतं पाणी, तेही औषधाच्या झाकणाने, मग दोन आठवडे पातळ, मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी हळूहळू साधं जेवण. (प्रत्येक डॉक्टरचं थोडं पुढेमागे असतं, माझं हे असं होतं.) इथपर्यंत कळलं. पण खायला काय, तर ब्रोकोली सूप, ग्रीक योगर्ट, टोफू, हमस. हमस म्हणजे काय ते मुलाने मोबाईलवर बघून सांगितलं, छोल्यांची चटणी म्हणे. ब्रोकोली चिपळूणला एका दुकानात मिळाली, पिवळी पडलेली, भाव ऐकून मिस्टरांनी परत ठेवली.

डायटिशियन ताई बोलायला चांगल्या होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. त्यांना विचारलं पेज चालेल का. त्या म्हणाल्या राईस कांजी का, चालेल, पण गाळून घ्या. आता गाळलेली पेज ही काय पेज म्हणायची, ती निवळ. आणि नुसत्या निवळीवर राहिले असते तर फसले असते हे मला नंतर कळलं, कारण त्यात सगळं तांदळाचं पीठच, आणि आपल्याला दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं असतं, नाहीतर चरबीच्या जोडीला अंगातलं मांसही झडतं. ६० ग्रॅम म्हणजे किती तर एका अंड्यात ६ ग्रॅम असतं, आता करा हिशोब, आणि पोट कटिंगच्या ग्लासाएवढं. त्या कागदात प्रोटीन फर्स्ट असं ठळक छापलेलं होतं पण ते आमच्या स्वयंपाकघरात कुठल्या डब्यात असतं ते नव्हतं. ते माझं मीच शोधलं. कुळथाचं कळण, म्हणजे कुळीथ शिजवलेलं पाणी, तिखट न घालता, मग पुढच्या टप्प्यात कुळथाची पिठी, अगदी सैल. दूध नासवून घरचंच पनीर, ते ताकात घोटून. ताक गाळून. प्रोटीन पावडर हॉस्पिटलने दिलेली होती ती दुधातून, चव खडूसारखी, पण घेतली.

आता माझी चूक सांगते. ऑपरेशनचं खरं मी घरात मिस्टर, मुलगा आणि धाकटी जाऊ सोडून कोणाला सांगितलंच नाही. गावात सांगितलं पित्ताशयाचे खडे. (गंमत म्हणजे वजन भराभर उतरलं की खडे खरोखरच होऊ शकतात, त्यासाठी मला गोळी चालू होती, म्हणजे अगदीच खोटं नाही.) त्यामुळे झालं काय, बघायला येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन. खड्यांचं ऑपरेशन झालंय ना, मग तेलकट नको, हे खा, शिरा केलाय साजूक तुपातला, हे सांदण आणलंय फणसाचं, एक तरी. आपल्याकडे आजारी माणसाला बघायला जायचं म्हणजे त्याला खाताना बघायचं. मी स्वतः हेच केलंय आयुष्यभर, पाहुणा नको म्हणाला की त्याच्या ताटात अजून एक घावणं टाकायचं, तेव्हा कोणाला काय बोलणार.

मला सावरलं ते सासूबाईंनी, त्यांना न कळता. त्या ८२ वर्षांच्या, तोंडात दात नाही. त्यांचा आटवल भात वेगळा शिजतो, पार गळेपर्यंत, वर मेतकूट. तीन-चार चमचे जेवायला त्यांना अर्धा तास लागतो. जुलैत मी त्यांच्या शेजारी बसायला लागले, माझ्या वाटीत घोटलेलं वरण आणि कुस्करलेलं अंडं, चहाच्या चमच्याने. दोघींचं एकदमच संपायचं. एक दिवस त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, काय गो, तुझे पण दात गेले की काय. मी हसले, आणि हसताना घास गिळला गेला तो न चावता, पुढची दहा मिनिटं गप्प बसले.

आता ते भाताचं. सहावा आठवडा, आषाढातला पाऊस, लाईट गेलेली. दिवसभर माळ्यावर गळत होतं त्यात पुसापुशी करून दमलेले, दुपारचे तीन वाजले होते. आमटीचं पातेलं आणि भात समोर होता, मी ओट्याशी उभी राहूनच साध्या भाताचे तीन घास भरभर खाल्ले, आमच्या नेहमीच्या घासाएवढे. तिसरा आत गेला आणि छातीच्या बरोबर मध्ये कोणीतरी मूठ आवळल्यासारखं झालं. वर येत नाही खाली जात नाही. आणि मग मी तेच केलं जे आपण लहानपणापासून शिकलोय, घास अडकला की पाणी पी. अर्धा तांब्या प्यायले. ते पाणी जायला जागा कुठे होती. तोंडातून लाळेच्या तारा सुटल्या, चिकट, फेसाळ, थांबेचना. मी परसात माडाच्या बुंध्याला धरून पावसात वाकलेली, मिस्टरांना वाटलं हार्टचं काहीतरी, ते छत्री न घेताच गाडी काढायला पळाले. पाऊण तासाने बाहेर पडलं तेव्हा शितं जशीच्या तशी होती, ताटात परत वाढावी अशी.

रात्री ताईंना फोन लावला तेव्हा त्यांनी समजावलं. भाताची शितं आत एकमेकांना चिकटून गोळा होतो, पाव आणि पोळीचंही तेच, म्हणून हे सगळ्यात शेवटी. घास अंगठ्याच्या नखाएवढा, वीस-पंचवीस वेळा चावायचा, मग चमचा खाली ठेवायचा. आणि जेवताना पाणी नाही, आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास. मी विचारलं मग सोलकढी. त्या म्हणाल्या ते काय असतं. सांगितलं. म्हणाल्या ते पण पाणीच. म्हणजे आमच्याकडे भातावर सोलकढी ओतून भुरकायची जी पद्धत आहे ती पार उलटी, पातळाबरोबर घास भराभर खाली जातो, पोट भरल्याचं कळत नाही, नाहीतर मग माझ्यासारखा तुंबतो. हे कागदावर होतं का, होतं, दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात, डोन्ट ड्रिंक विथ मील्स. माझ्या डोक्यात मील म्हणजे थाळी, तीन घास म्हणजे मील असं कोणाला वाटेल?

त्याच फोनवर त्यांनी दुसरं एक सांगितलं ते महत्त्वाचं आहे. एखाद्या वेळी अडकणं वेगळं, पण रोज उलटी होत असेल, पाणीसुद्धा टिकत नसेल तर ऑपरेशन झालंय होणारच असं म्हणून घरी बसायचं नाही, लगेच दवाखाना. बी वन नावाचं व्हिटॅमिन संपतं आणि ते नसांवर, मेंदूवर जातं. आपल्याकडे उलटी म्हणजे पित्त, आलं-लिंबू द्या आणि झोपा, म्हणून लिहिलं.

माशांचं सांगायचं राहिलं, आणि कोकणात मासे सोडून जेवणाबद्दल काय लिहायचं. माझे मऊ खायचे आठवडे आले नेमके बंदीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, मार्केटला जुना बर्फातला माल नाहीतर सुकं. सुका जवळा खाऊन बघितला, खारट आणि टोचरा, नको झालं. मग खाडीत बिगर इंजिनाच्या होडीने पाग टाकणारे एक काका आहेत त्यांना सांगून ठेवलं, मिळेल ते छोटं द्या. कधी शेवटा, कधी मुडदुशी. मुडदुशी बाळंतिणीला देतात ना तशीच नुसती हळद-मीठ-कोकम घालून उकडायची, काटा काढायचा, बोटांनी कुस्करून परत बघायचं काटा राहिलाय का. दोन-तीन चमचे. त्यात ५-६ ग्रॅम प्रोटीन जात असेल, पण पहिल्यांदा तोंडाला चव आली त्या दिवशी मी चक्क रडले. ऑगस्टात बोटी गेल्या आणि ताजे बोंबील आले ते सगळ्यात सोपे, जवळजवळ पाणीच, आपोआप विरघळतात. बांगडा सारात असेल तर चालतो. तळलेली सुरमई मात्र कोरडी पडते, ती अडकली. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, रबरासारख्या लागल्या, अजून नाही. घावणं जाळीदार असतं म्हणून आठव्या-नवव्या आठवड्यात गेलं, तांदळाची भाकरी वरणात भिजवून दहाव्यात. वडे-सागोती मी फक्त वाढते.

गणपतीत जावेने मोदक केले. एकाने काय होतंय म्हणून अख्खा खाल्ला, गूळ-खोबरं, वर तूप. वीसेक मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, हात थरथरायला लागले, आरती सोडून आतल्या खोलीत जाऊन पडले. ह्याला डम्पिंग म्हणतात, बायपास (हार्टचं नाही, वजनासाठीचंच दुसरं ऑपरेशन) केलेल्यांना जास्त होतं पण स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं, गोड एकदम पुढे आतड्यात जाऊन पडतं म्हणून. बाहेर पाहुण्या बायका म्हणत होत्या, उपवास सोसला नाही वाटतं.

आता सहा महिने होतील. ७७ किलोवर आलेय, शुगरच्या दोन गोळ्या बंद झाल्या, जिना चढते. सप्टेंबरात केस मूठ मूठ गळत होते ते आता कमी आहे. व्हिटॅमिनची गोळी आणि कॅल्शियम जन्मभर. पश्चात्ताप नाही, कोणाला ऑपरेशन नको असंही माझं म्हणणं नाही.

म्हणणं एवढंच आहे की कोकणातून मुंबई-पुणे-कोल्हापूरला जाऊन हे ऑपरेशन करून येणारी माणसं आता बरीच दिसायला लागलीत, आणि ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी येतात, आणि खरी परीक्षा पुढचे दोन महिने आपल्या चुलीपाशी होते, जिथे डॉक्टर नसतो. डॉक्टरांनी तो कागद मराठीत द्यावा. मिलीबरोबर वाटी-चमचा लिहावं. पेज, कळण, पिठी, आटवल, सोलकढी, बोंबील ह्यांचं काय करायचं ते त्यात असावं, आणि भात शेवटी हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. एक कागद घरच्यांसाठी वेगळा द्यावा, आग्रह करू नका असा, कारण आमच्याकडे सुनेने सांगितलेलं कोणी ऐकत नाही, डॉक्टरांनी छापलेलं ऐकतात. आणि आपल्या पेपरला विनंती, तुमच्याकडे आहारतज्ज्ञ लिहितात त्यांच्याकडून असं एक पान करून घ्या, कात्रण काढून फ्रीजवर लावता येईल असं. चव बघायला आणि पदार्थ सांगायला मी केव्हाही तयार आहे, एक चमचा एका वेळी.

आपली एक नियमित वाचक,
गुहागर तालुका

ता.क. नाव आणि गाव छापू नका. सासूबाई पेपर मुलाकडून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून घेतात, आणि परवाच त्यांनी विचारलंय की खडे एवढेसे होते तर मग तीस किलो कशाचे गेले.