फिल्टर संपलेत, मग बायकांनी थांबायचं का?

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य, यांस,
स. न. वि. वि.

माझ्या जावेच्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या तपासणीचं उत्तर आलं: पेशी अपुऱ्या, सॅम्पल पुन्हा द्या. चिठ्ठी कन्नडमध्ये, तिला वाचताही येईना. अंगावरून लाल जातंय म्हणून ती घाबरलेली, आणि हातात हा कागद!

मी लॅबमध्ये आयुष्य घालवलेली बाई आहे. चौकशी केली. पेशींची स्लाईड करणारं मशीन आहे, त्याचे फिल्टर संपलेत. सॅम्पलची व्हायल (छोटी बाटली) पडून राहिली, शेवटी कुणीतरी घाईत हाताने स्लाईड केली. ती मी मायक्रोस्कोपखाली पाहिली. मधोमध रक्ताचा थर, कडेला विरळ पेशी. या तपासणीचं उत्तर लिहायच्या बेथेस्डा पद्धतीत अशा स्लाईडवर निदान 5,000 पेशी लागतात.

साहेब, दोष हाताचा नाही. मशीन पेशी फिल्टरवर ओढून काचेवर गोल ठसा उमटवतं, पातळ, एकसारखा. दिवसाला ढीगभर सॅम्पल असतील तर मशीनच हवं, हे मीही म्हणते. पण रक्त जास्त असलं की तोच फिल्टर तुंबतो, आणि तो एकदाच वापरायचा, कंपनीकडूनच घ्यायचा. हातपद्धतीला सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून पेशी तळाला बसवणारं यंत्र), पिपेट आणि शिकलेला माणूस पुरतो. आधी रक्ताच्या लाल पेशी फोडायच्या, सेंट्रिफ्यूज लावायचा, वरचं पाणी ओतून खालचा गाळ नीट ढवळायचा, मग काचेवर थेंब. थेंब जाड पडला की पेशी एकमेकींवर चढतात. ते हाताला सवयीनेच कळतं. ती सवय लावायला तुम्ही माणूस नेमलाय कुठे? मशीनची फीत कापायला सगळे आले होते. फिल्टर पुरवू म्हणून शब्द दिला होता, तो कुठे गेला?

देशात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो, ऐंशी हजारांच्या घरात मरतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभरातल्या दोघींचीसुद्धा ही तपासणी झालेली नव्हती. निपाणीत तंबाखूत राबणाऱ्या, खानापूरच्या रानात भात लावणाऱ्या बाईला एकदा तयार करून आणायलाच किती समजवावं लागतं! ती परत येईल? बसचं तिकीट तुम्ही फुकट केलंत, बुडालेली मजुरी कोण देणार?

आणि आम्ही कुणाचे? 2023 मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या 865 गावांसाठी आरोग्य योजना आणली, इथल्या सरकारने विरोध केला. अहो, मग तुम्ही तरी द्या! बेळगावात सुवर्णसौध बांधलंत, हिवाळ्यात अधिवेशन भरवता, पाट्यांच्या भाषेवरून रान उठवता. आजारी बाईला कळेल असा मराठी कागद मात्र देता येत नाही.

फिल्टर येईपर्यंत तालुक्याच्या लॅबमधल्या टेक्निशियनना हातपद्धतीचं रीतसर शिक्षण द्या. ज्यांची सॅम्पल वाया गेली त्यांना फोन करून बोलवा, मराठीत बोला, त्या दिवसाची मजुरी द्या. आणि जावेसारखं ज्यांना रक्त जातंय त्यांना नुसत्या दुसऱ्या सॅम्पलवर ठेवू नका, थेट तज्ज्ञ डॉक्टरकडे पाठवा.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
खानापूर तालुका, जि. बेळगाव