मंदारला पत्र : पाणी थंड आहे, पण स्वच्छ आहे

पुणे,
१४ जून

प्रिय मंदार,

एडिंबराला जाऊन बस्तान बसत नाही तोच ‘इथे स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्याखाली बघत पोहणं) कुठे करू’ विचारतोस, म्हणजे मालवणची चटक काही सुटलेली नाही! इकडे पाऊस सुरू झालाय. खडकवासल्याचं पाणी आता दिवाळीपर्यंत गढूळच. तेव्हा तुझ्या निमित्ताने मीही मनातल्या मनात पोहून घेतो.

तिकडे नोकरीला होतो तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: जागा फोटो बघून ठरवायची नाही. नकाशा, वारा आणि तिथी बघायची. हो, तिथीच! अमावस्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी, हे जसं मालवणला खरं, तसं उत्तर समुद्रातही खरं. भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ कमी. म्हणून अष्टमीनंतर लगेच येणारा शनिवार-रविवार धर. मात्र तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचा आपला हिशोब तिथे चालवू नकोस, तो कोकणपुरता. वेळ तिथल्या बंदराच्या तक्त्यातच बघ.

सुरुवात सेंट अॅब्ज या किनाऱ्यावरच्या गावापासून कर. एडिंबराहून गाडीने तासा-सव्वा तासावर. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, तर इथला राखीव किनारा १९८४ चा, आणि तोही लोकांनी आपणहून पाळलेला. खडकाळ तळ, जवळ मोठ्या नदीचं मुख नाही, त्यामुळे गाळ कमी. खाली केल्प या समुद्री शेवाळाचं रान: तपकिरी, हाताएवढ्या रुंद पात्यांचं. त्यात समुद्रफुलं, साळूसारख्या काट्यांचे अर्चिन, आणि रॅस नावाचे मासे, जे मास्कसमोर येऊन तुलाच न्याहाळतात. ओहोटीला केल्पची पाती वर तरंगून पायात येतात, म्हणून भरतीच्या सुमारास उतर. वारा पश्चिमेचा असेल तर तो जमिनीवरून येतो आणि पाणी गुळगुळीत दिसतं, पण तोच तुला हळूच आत समुद्राकडे नेतो. किनाऱ्याला धरून राहा. ईशान्येचा वारा होऊन गेला असेल तर दोन-तीन दिवस जाऊच नकोस, काही दिसणार नाही.

लॉखांचं, म्हणजे तिथल्या तळ्यांचं, मात्र सांभाळून. आपल्याला वाटतं डोंगरातलं तळं म्हणजे नितळ. लॉख नेसचं पाणी पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) मातीने काळपट असतं, फार लांबचं काही दिसत नाही. गोड्या पाण्यातच जायचं असेल तर पार उत्तरेला डर्नेसची लॉखं गाठ. तिथे चुनखडीचा खडक आहे, म्हणून पाणी स्वच्छ. रस्ता लांब आहे, पण मी पुन्हा गेलो तर आधी तिथेच जाईन.

आता थंडी. मालवणला पाणी २८ अंशांच्या आसपास असतं, तिथे ऑगस्ट-सप्टेंबरच्या चांगल्या दिवसांत १३-१४ आणि मार्चमध्ये ६ च्या जवळपास. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीरातली उष्णता ओढतं. पाय टाकताच श्वास आपोआप धापतो, आणि नेमका त्याच क्षणी स्नॉर्केल तोंडात असेल तर पाणी आत जातं. म्हणून आधी कंबरेपर्यंत उभा राहा, चेहऱ्यावर पाणी मार, श्वास ताब्यात आला की मगच मास्क लाव. वेटसूट (थंडीपासून वाचवणारा रबरी पोशाख) निदान ५ मिलिमीटर जाडीचा हवा, शिवाय टोपी, हातमोजे, बूट. टोपी टाळलीस तर कपाळात अशी कळ येईल की मासे-बिसे सगळं विसरशील. हे सगळं आधी भाड्याने घे. उन्हाळ्यात सिंहाच्या आयाळीसारख्या दोऱ्यांचा जेलीफिश फिरतो, त्यापासून लांब.

बाहेर आल्यावर अंगातली थंडी आणखी थोडा वेळ वाढतच राहते. लगेच कोरडे कपडे, टोपी आणि गोड चहा. व्हिस्की त्या क्षणी नको. अंग तापल्यासारखं वाटतं, पण रक्त कातडीकडे धावून उष्णता उलट बाहेर जाते. (रात्री घरी बसून घे की!)

एकट्याने जाऊ नकोस, हे काकूंनी मला खास लिहायला सांगितलंय. ऑफिसातला कोणी तयार झाला का? आणि कुठला शनिवार धरलास ते कळव. उधाणाचा निघाला तर इथूनच शिव्या घालीन.

तुझा,
शिरीष