मलेशियामार्गे सिंगापूरला जाताय? बाटली घरीच ठेवा

संपादक महोदय,

गेल्या मे महिन्यात आम्ही म्हापशाहून अठरा जण मलेशिया-सिंगापूर सहलीला गेलो होतो. माझी लेक सिंगापूरला असते. जावयासाठी काजू फेणीची 750 मिलिलिटरची बाटली टॉवेलात गुंडाळून, वर दोन पिशव्या बांधून बॅगेत घातली (तरी वास आलाच, सौ.च्या साड्या साक्षीला आहेत). निघण्याआधी टूरवाल्याला विचारलं होतं. "बिनधास्त न्या काका, सिंगापूरला दोन लिटर चालते," म्हणाला.

चालते, पण कुणाला? क्वालालंपूरहून बसने सिंगापूरच्या सीमेवरच्या तुआस नाक्यावर पोचलो तेव्हा कळलं. करमाफीच्या सवलतीसाठी वय किमान 18 हवं, सिंगापूरबाहेर 48 तास तरी काढलेले हवेत, आणि प्रवासी मलेशियातून आलेला नको. पहिल्या दोन अटींत मी आरामात बसत होतो. तिसरीत अडकलो. गोव्याहून थेट गेलो असतो तर हीच बाटली फुकट आत गेली असती.

मी लाल मार्गिकेत (कर लागणारं सामान असलेल्यांची रांग) जाऊन बाटली दाखवली. तिथल्या अधिकारी मुलीने फेणी हा शब्द दोनदा वाचला, मग लेबलवर बोट फिरवत 42.8 टक्क्यांपाशी थांबली. तिथे कर बाटलीवर नाही, आतल्या शुद्ध अल्कोहोलवर. लिटरला 88 सिंगापूर डॉलर. म्हणजे माझ्या बाटलीचे 28 आणि वर 9 टक्के जीएसटी. सगळे मिळून दोन हजार रुपयांच्या वर गेले, बाटली साडेचारशेची. पण ती मुलगी अदबीने वागली, पावतीही लगेच दिली.

आमच्यातल्या एकाने मात्र बॅगेत दोन बाटल्या ठेवून हिरवी मार्गिका (कर लागणारं काही नसलेल्यांची) धरली. एक्स-रेत दिसल्याच. त्याला आतल्या खोलीत नेलं, दंड भरून घेतला आणि आमची बस पाऊण तास खोळंबली. सिगारेटला तर तिथे सवलतच नाही, एका पाकिटालाही.

गोवा-महाराष्ट्रातून या जोडसहलीला माणसं सतत जात असतात. टूर कंपन्या इडली-पोह्याच्या नाश्त्यापर्यंत सगळं छापतात. त्याच पत्रकात, मलेशियातून सिंगापुरात शिरताना दारूची सवलत नाही, एवढी एक ओळ मराठीत छापावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, म्हापसा