तंबोऱ्याच्या पार्सलचं चुकीचं माप, मोडलेला तंबोरा आणि नाकारलेला क्लेम याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार साहेब / मॅडम,

मी मिरजेहून लिहितेय. आमचं घर तंतुवाद्यं बनवणाऱ्यांचं. सासरे आणि माझा नवरा सतारी, तंबोरे बनवतात आणि ऑनलाइन ऑर्डरी, पॅकिंग, कुरिअर, हिशेब हे सगळं मी बघते. तुमच्या कुरिअर कंपनीकडे माझं सेलर अकाउंट चार वर्षांपासून आहे, आत्तापर्यंत दीडशेच्या वर पार्सलं तुमच्यामार्फत गेलीत, तेव्हा मी काही पहिल्यांदाच पार्सल पाठवणारी नाही. ही तक्रार ११ जुलैला नागपूरला पाठवलेल्या एका तंबोऱ्याबद्दल आहे. ॲपवर तक्रारीची तीन तिकिटं टाकली, तिन्ही क्लोज केली गेली, एकदाही कुणाचा फोन आला नाही, म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहून ईमेल पण करतेय आणि स्पीड पोस्टाने पण पाठवतेय.

आधी वस्तू काय आहे ते सांगते, कारण तुमच्या क्लेम फॉर्ममध्ये वाद्य असा पर्यायच नाहीये, मला नाइलाजाने ‘फर्निचर’ निवडायला लागलं. हा ४ फुटी लेडीज तंबोरा होता. खाली मोठा भोपळा, वर लाकडाची पोकळ दांडी. भोपळा म्हणजे खराखुरा भोपळा, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला शेतात पिकतो, कडू असतो, खायला चालत नाही, वाळवला की कवच टणक होतं आणि त्याच्यातूनच तो आवाज येतो. पण टणक म्हणजे मडक्यासारखा टणक. सगळीकडून सारखा आधार असला तर काही होत नाही, एका जागी दाब आला की चीर जाते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन (एखाद्या गावच्या खास मालाला मिळणारी सरकारी ओळख) मिळालं तेव्हा गल्लीत सगळ्यांना खूप आनंद झाला होता, आता बाहेरगावच्या ऑर्डरी वाढतील म्हणून. पण ऑर्डरी वाढल्या तरी माल धड पोचला पाहिजे ना.

आता पॅकिंग. तारा सैल केल्या, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) काढून वेगळी गुंडाळली, तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, फोमची शीट, भोपळ्याला बबल रॅपचे चार थर, त्यावर थर्माकोल, आणि बाहेरून प्लायची पेटी. पेटी तंबोऱ्याच्याच आकाराची, म्हणजे भोपळ्याकडे मोठी आणि दांडीकडे लहान. मोठा भाग ५० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद, ४० उंच. दांडीचा भाग ८५ सेंटीमीटर लांब आणि २० बाय २०. वजन पॅकिंगसकट ११ किलो. चार वर्षं मी अशाच पेट्या पाठवतेय आणि तुमचा पिकअपवाला पोरगा दरवेळी फोटो काढून, स्कॅन करूनच घेऊन जातो.

तुमचा नियम मला माहिती आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पार्सलला सरळ चौकोनी आकार नसला तर सगळ्यात जास्त लांबी, सगळ्यात जास्त रुंदी आणि सगळ्यात जास्त उंची धरायची, गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचं, म्हणजे ५ लिटर जागेला १ किलो. त्याप्रमाणे १३५ गुणिले ४५ गुणिले ४० म्हणजे २,४३,००० आणि भागून ४८.६ किलो, वरच्या पूर्ण किलोला ४९. ११ किलोच्या वस्तूचं भाडं मी ४९ किलोने भरलं. ३० रुपये किलोने १४७० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १७३४ रुपये ६० पैसे. खरं बघितलं तर माझ्या पेटीने व्यापलेली जागा १,२४,००० घन सेंटीमीटर, म्हणजे निम्म्यालाच जेमतेम जास्त. बाकीची ११९ लिटर ही दांडीच्या वरची आणि दोन्ही बाजूंची मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेचे पण पैसे मी दिले आणि कधी कुरकुर केली नाही, कारण तिथे दुसरं काही ठेवता येणार नाही म्हणून तुम्ही पैसे घेता असं मी समजत होते. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच आहे.

१३ जुलैला ॲपवर मेसेज आला की तुमचं पार्सल हबला, म्हणजे माल गोळा करून पुढे पाठवायच्या केंद्रावर, परत मोजलं, ते ७१ किलो भरलं, फरकाचे ७७८ रुपये ८० पैसे वॉलेटमधून वजा केलेत. मी पुराव्याचा फोटो उघडून बघितला. फोटो झूम करून तुम्ही स्वतः बघा, ही माझी हात जोडून विनंती आहे. टेपचं एक टोक माझ्या पेटीच्या डाव्या कडेला आहे आणि दुसरं टोक शेजारी ठेवलेल्या एका खाकी खोक्याच्या उजव्या कडेला आहे. त्या खोक्यावर दुसऱ्याच कुणाचं लेबल आहे, बारकोडसुद्धा दिसतोय. म्हणून माझी ४५ ची रुंदी ६५ झाली आणि १३५ गुणिले ६५ गुणिले ४० भागिले ५००० करून ७०.२ आले. मी १४ तारखेलाच, म्हणजे तुमच्या सात दिवसांच्या मुदतीत, पिकअपच्या वेळचे टेप लावलेले माझे तीन फोटो जोडून तक्रार टाकली. उत्तर आलं, ‘व्हेरिफाइड, चार्ज बरोबर आहे.’ कुणी व्हेरिफाय केलं, काय बघून केलं, काही नाही. ७७८ रुपये ही मोठ्या कंपनीला काहीच रक्कम नसेल, पण आमच्या तंबोऱ्याला तारा पिळायच्या खुंट्या करून देणाऱ्या कारागिराची ती दिवसाची मजुरी आहे.

१७ जुलैला पार्सल नागपूरला पोचलं. घेणाऱ्या बाई गायनाच्या क्लासेस घेतात, त्यांच्या मुलाने टेम्पो दारात आल्यापासून व्हिडिओ काढला कारण मीच सांगितलं होतं काढायला. व्हिडिओत टेम्पोचं मागचं दार उघडतं तेव्हा माझी पेटी आडवी आहे आणि तिच्या दांडीच्या भागावर, बरोब्बर त्या मोकळ्या जागेत, पाण्याच्या मोटरचा खोका ठेवलेला आहे. खोक्यावर मोटरचं चित्र आणि वजन दोन्ही छापलेलं आहे, १४ किलो. पेटीवर मी चारी बाजूंना मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की यावर काही ठेवू नये. मोटर उचलली तेव्हा प्लाय दांडी आणि भोपळ्याच्या सांध्यापाशी आत वाकलेलं स्पष्ट दिसतंय. बाईंनी पार्सल घेतलं नाही, आणि बरोबर केलं. डिलिव्हरीवाल्या दादांनीसुद्धा प्रामाणिकपणे ॲपमध्ये ‘बाहेरून डॅमेज’ असंच टाकलं, ती नोंद तुमच्याच सिस्टिममध्ये आहे. त्या दादांवर माझा काही राग नाही, त्यांना हबवरून जसं भरून दिलं तसं त्यांनी आणलं.

२९ जुलैला पेटी परत मिरजेत आली. आम्ही व्हिडिओ चालू ठेवूनच उघडली. नवऱ्याने प्लायचे खिळे काढले, थर्माकोल बाजूला केला, तर गळ्यापाशी, जिथे दांडी भोपळ्याला जोडलेली असते तिथे, सांधा उघडलेला आणि तिथून चीर खाली भोपळ्यावर वीतभर गेलेली. नक्षीची पानं सुटून बबल रॅपमध्ये पडलेली होती, ती मी एकेक करून वाटीत गोळा केली, सतरा भरली. सासऱ्यांनी काही न बोलता भोपळा मांडीवर घेतला आणि बोटाच्या पेराने चहूबाजूंनी वाजवून बघितला. चांगला भोपळा वाजवला की आवाज आतून घुमून येतो, हा नुसता खट्ट खट्ट करत होता. त्यांनी तो खाली ठेवला आणि हात धुवायला उठून गेले. दोन महिन्यांचं काम होतं ते साहेब. चीर भरता येते, वरून रंग-पॉलिश केलं तर दिसणारही नाही, पण असा तंबोरा नवीन म्हणून विकणं आमच्याने होणार नाही आणि आम्ही तो विकणार नाही.

३० जुलैला क्लेम टाकला. तंबोऱ्याची किंमत २६,५०० रुपये, बिल जोडलं, आणि बुकिंगच्या वेळी मी रिस्क कव्हरचे (माल मोडला तर भरपाई मिळावी म्हणून) ५३० रुपये वेगळे भरलेत त्याची पावती पण जोडली. १२ ऑगस्टला क्लेम नाकारला. कारण एका ओळीत: ‘पार्सल अनियमित आकाराचं, पॅकिंग नियमाप्रमाणे नाही.’ आणि वर परतीचं भाडं, ते पण त्या चुकीच्या ७१ किलोनेच, २१३० अधिक जीएसटी मिळून २५१३ रुपये ४० पैसे वॉलेटमधून कापून घेतले.

आता मला हे समजावून सांगा. आकार अनियमित आहे म्हणून तुम्ही पूर्ण चौकोनी ठोकळ्याचं भाडं घेतलं. म्हणजे दांडीच्या वरच्या त्या मोकळ्या जागेचं भाडं मी भरलं. त्याच जागेत तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाची मोटर ठेवली, तिचं भाडं त्याच्याकडूनही घेतलं असणार. त्या मोटरच्या वजनाने माझा तंबोरा मोडला. आणि भरपाई मागितली तर म्हणता आकार अनियमित होता. भाडं घेताना हा आकार चालतो आणि नुकसान द्यायच्या वेळी तोच आकार चालत नाही, हे कुठल्या हिशेबात बसतं? आकार मान्य नव्हता तर पिकअपलाच परत करायचं होतं, मी दुसरी सोय केली असती. तुमच्या वेबसाइटवरची पॅकिंगची सूचना मी परत परत वाचली. त्यात आतून गादी हवी, वस्तू आत हलायला नको, बाहेरचं आवरण कडक हवं एवढंच आहे. पेटी चौकोनीच हवी असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट चौकोनी आकार नसलेल्या पार्सलचं माप कसं घ्यायचं याची वेगळी ओळ तुम्हीच दिलीय.

तुमच्या एक्झिक्युटिव्हने चॅटवर सल्ला दिला की पुढच्या वेळी चौकोनी पेटी करा. आम्ही करून बघितलेली आहे. चौकोनी पेटीला प्लाय साधारण चाळीस टक्के जास्त लागतं, वजन वाढतं, आणि चौकोनी पेटी दिसली की हबवर ती उभी करतात, मग सगळा भार भोपळ्यावर येतो. दोन वर्षांपूर्वी एक सतार अशीच गेली होती, तेव्हा पुरावा नव्हता म्हणून गप्प बसले. या आकाराची पेटी आम्ही विचार करून ठरवलीय. अशी पेटी सहसा कुणी उभी करत नाही, माणूस ती आडवीच ठेवतो, आणि वाद्याला तेच हवं असतं.

नागपूरच्या बाईंचं पुढे काय झालं तेही सांगते. त्यांना क्लाससाठी तंबोरा हवाच होता, पैसे आधी भरलेले होते, आणि आमचा शब्द गेला असता. म्हणून नवरा दुसरा तंबोरा घेऊन स्वतः महाराष्ट्र एक्सप्रेसने गेला. मिरजेहून नागपूर म्हणजे एक आख्खा दिवस-रात्र गाडीत. तंबोरा वरच्या बर्थवर आडवा ठेवला आणि हा खाली बसून राहिला. जाऊन-येऊन तीन दिवस काम बंद. पूर्वी सगळे असंच करायचे, नाहीतर गिऱ्हाईक स्वतः मिरजेला येऊन वाद्य वाजवून बघून घेऊन जायचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये येणं-जाणं थांबलं तेव्हा आम्ही ऑनलाइन आलो, आणि कुरिअरवर भरवसा ठेवला म्हणूनच घर चाललं. त्यामुळे तुमच्याशी भांडायची मला हौस नाहीये. मला तुमची गरज आहे, आणि आमच्यासारख्या घरांची तुम्हालाही थोडी तरी असेल.

माझं मागणं एवढंच आहे. चुकीच्या मापाचे ७७८ रुपये ८० पैसे परत करा. परतीचं भाडं २५१३ रुपये ४० पैसे परत करा, तुमच्याच हातून मोडलेली वस्तू परत आणायचे पैसे मी का द्यायचे. आणि रिस्क कव्हरप्रमाणे २६,५०० रुपये द्या. एकूण २९,७९२ रुपये २० पैसे. जातानाचं भाडं मी मागत नाही, नवऱ्याच्या प्रवासाचा खर्च पण मागत नाही. शिवाय मापाचा फोटो काढताना शेजारी दुसरं पार्सल नसावं आणि ज्या पार्सलचं पूर्ण ठोकळ्याचं भाडं घेतलंय त्याच्या मोकळ्या जागेत दुसरा माल ठेवू नये, एवढी सूचना तुमच्या हबला लेखी द्या आणि तिची प्रत मला पाठवा. प्रत मी आमच्या गल्लीतल्या इतर वाद्यवाल्यांना दाखवणार आहे, कारण माप वाढवल्याचा त्रास त्यांनाही होतोय.

रस्त्याने मालवाहतुकीचा २००७ चा जो कायदा आहे त्याच्या कलम १६ प्रमाणे नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत द्यायची असते. हे पत्र म्हणजे तीच नोटीस समजावी. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि वकिलांचा सल्ला घेऊन पुढे जाईन.

तंबोरा, मोडलेली पेटी, ती सतरा पानं, सगळं जसंच्या तसं बाजूला ठेवलंय, कशालाही हात लावलेला नाही. सासऱ्यांना दांडी आणि खुंट्या काढून दुसऱ्या भोपळ्याला लावायच्या आहेत, लाकूड चांगलं आहे, वाया घालवायचं नाही म्हणतात. मी त्यांना १५ सप्टेंबरपर्यंत थांबवलंय. तुमचा माणूस बघायला येणार असेल तर त्याच्या आत पाठवा, आदल्या दिवशी फोन करा, दुपारी दोनच्या पुढे कधीही आम्ही घरी असतो.

सोबत जोडलंय: पिकअपचे तीन फोटो, हबचा मापाचा फोटो, नागपूरचा आणि मिरजेचा व्हिडिओ, बिल, रिस्क कव्हरची पावती, तिन्ही तिकिटांचे स्क्रीनशॉट.

आपली,
मिरजेची एक सेलर
२० ऑगस्ट