दुसऱ्या सॅकमध्ये काय होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या लांब पल्ल्याच्या पायवाटेवर चालून आलेल्या एका जोडप्याविषयीचा लेख वाचला. लेख मनापासून आवडला. या वाटेच्या दक्षिणेकडील वाळवंटी टप्प्यात आणि पुढे सिएरा नेवाडाच्या पर्वतराजीत मी माझ्या पतींसोबत चालले आहे. त्यामुळे त्यातील कितीतरी जागा वाचताना डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. मात्र एक गोष्ट शेवटपर्यंत खटकत राहिली. नकाशा पतीने पाहिला, पाण्याचा हिशेब पतीने ठेवला, मुक्कामाची जागा पतीने निवडली आणि पत्नीने ‘खंबीर साथ दिली’, असे त्यात म्हटले आहे. हे कौतुक म्हणून लिहिले आहे, हे मला कळते. पण दोन माणसांपैकी एकालाच वाट ठाऊक असणे ही त्या रानात कौतुकाची नव्हे, काळजीची बाब आहे आणि तेवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ज्या वाचकांना या वाटेची कल्पना नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. कॅलिफोर्नियात मेक्सिकोच्या सीमेलगत असलेल्या कँपो या लहानशा गावापासून निघून, ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन ही राज्ये ओलांडून ही वाट कॅनडाच्या सीमेपर्यंत जाते. लांबी सुमारे ४,२६५ किलोमीटर. १९६८ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय निसर्गवाटेचा दर्जा मिळाला आणि १९९३ मध्ये ती अधिकृतपणे पूर्ण झाली. अशी वाट असावी ही कल्पना १९२६ मध्ये कॅथरिन माँटगोमेरी या शिक्षिकेने मांडली होती, याचाही उल्लेख लेखात आला असता तर बरे झाले असते. उत्तरेकडे जाणारे बहुतेक लोक एप्रिल-मेच्या सुमारास निघतात, कारण वाळवंट फार तापण्याआधी पार करायचे असते आणि सिएरातील बर्फ थोडे तरी वितळल्यावर तिथे पोहोचायचे असते. त्यामुळे पहिले हजार-अकराशे किलोमीटर पाण्याची चणचण आणि त्यानंतर लगेच पाण्याचा लोंढा, असा विचित्र क्रम चालणाऱ्याच्या वाट्याला येतो. दोन्हीकडे चूक होण्याचे कारण वेगळे असते, पण चूक बहुधा एकाच प्रकारे होते: दोघांपैकी एकजण ठरवतो आणि दुसरा मान हलवतो.

वाळवंटाचेच पाहा. सिझर्स क्रॉसिंग ते बॅरल स्प्रिंग हा सॅन फेलिपे टेकड्यांमधला टप्पा जवळजवळ ३८ किलोमीटरचा आहे आणि त्यात नैसर्गिक पाण्याचा एकही भरवशाचा ठिकाणा नाही. मध्येच एका ठिकाणी स्वयंसेवक बाटल्या आणून ठेवतात. परंतु त्या असतीलच असे धरून कोणी निघू नये, असे या वाटेची व्यवस्था पाहणारी संघटना बजावून सांगते. अशा टप्प्यावर प्रत्येकी पाच-सहा लिटर पाणी घेऊन निघावे लागते, म्हणजे पाठीवर तेवढ्याच किलोंची भर पडते. इथे अनेक जोडपी जे करतात ते मी जवळून पाहिले आहे. अंगापिंडाने दणकट असलेला जोडीदार दोघांचेही बरेचसे पाणी आपल्या सॅकमध्ये घेतो आणि दुसऱ्याकडे एखादी बाटली ठेवतो. यामागे मायाच असते, यात शंका नाही. पण दुपारच्या उन्हात दोघांमध्ये वळणावळणाचे अंतर पडले, पुढच्याने सावली गाठण्यासाठी पाय उचलला, की मागच्या माणसाकडे घोटभर पाणी आणि डोक्यावर ऊन एवढेच उरते. पाणी ज्याचे त्यानेच वाहावे, आणि ओझे हलके करायचे असेल तर ते इतर सामानातून करावे, हा आमचा नियम होता. तो मला आजही योग्य वाटतो. ओझ्याची वाटणी समसमान नव्हे, तर ज्याच्या त्याच्या वजनाच्या मानाने व्हायला हवी. तंबू, स्वयंपाकाची भांडी, अन्न यांत ती सहज करता येते. पाण्यात मात्र ती करू नये.

त्याच उन्हात आणखी एक धोका असतो आणि तो एकट्या माणसाला स्वतःहून ओळखता येत नाही. घाम वाहत असताना मीठ न घेता नुसतेच पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते. डोके दुखते, मळमळते, बोलण्यात विसंगती येऊ लागते. ही लक्षणे उष्माघाताच्या सुरुवातीसारखीच दिसतात आणि मग अधिकच पाणी पाजले जाते. अशा वेळी सोबतच्या माणसाने दुपारभरात किती पाणी पोटात गेले, खारट काही खाल्ले की नाही, लघवीला केव्हा जाऊन आला, हे विचारायला हवे. सोबत या शब्दाचा खरा उपयोग इथे आहे. पण जिने दिवसभर फक्त पुढच्याच्या टाचांकडे पाहून चालायचे ठरवले असेल, तिला हे प्रश्न सुचणार कसे?

सामानाच्या वाटणीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या लेखात त्याविषयी ओळही नाही. दोघे चालतात तेव्हा एकच तंबू, एकच शेगडी, एकच वॉटर फिल्टर आणि एकच उपग्रह संदेश यंत्र नेले जाते, आणि वजन वाचवण्यासाठी ते तसेच योग्य असते. मात्र तंबू एकाच्या पाठीवर आणि स्लीपिंग बॅगा, इंधन दुसऱ्याच्या, अशी विभागणी झाली की दोघांची चुकामूक होताच दोघेही अर्धवट उरतात. बर्फाखाली वाट दिसेनाशी झालेल्या उतारावर किंवा दोन पायवाटा फुटतात तिथे चुकामूक व्हायला पाच मिनिटेही लागत नाहीत. म्हणून एक रात्र कुठेही काढता येईल इतके उबदार कपडे, पावसापासून बचावाचे साधन, दिवसभराचे अन्न, हेडटॉर्च आणि इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा हे दोन्ही सॅकमध्ये असलेच पाहिजे. फिल्टर एकाकडे असेल तर पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या दुसऱ्याकडे हव्यात. पोकळ तंतूंचे हलके फिल्टर एकदा भिजल्यावर आत पाणी गोठले की तंतू फाटतात आणि ते बाहेरून कळतही नाही, म्हणून डोंगरातल्या थंड रात्री फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये उराशी घेऊन झोपावे लागते. ही गोष्ट दोघांनाही ठाऊक असावी, नाहीतर ज्याला ती माहीत आहे तो एखाद्या रात्री दमून लवकर झोपी गेला की दुसऱ्या दिवशी दोघांच्याही पोटाची परीक्षा सुरू होते. उपग्रह यंत्र मागून चालणाऱ्याकडे असावे, असे माझे ठाम मत आहे. पुढचा घसरला तर मागच्याला दिसते. मागचा घसरला तर कोणाला कळत नाही, आणि मदत त्यालाच मागता आली पाहिजे.

सॅन जसिंटोच्या डोंगरावर ही वाट नऊ हजार फुटांच्या आसपास चढते आणि फुलर रिज या उत्तरेकडे तोंड असलेल्या धारेवरून सॅन गोर्गोनिओच्या तापलेल्या खिंडीकडे उतरते. खाली वाळवंट दिसत असते आणि पायांखाली टणक बर्फ असते. वाळवंटात आहोत म्हणून बर्फाची तयारी न करता आलेले लोक इथेच अडकतात. मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे टोकदार दाते) आणि आइस अ‍ॅक्स एकाकडेच असून भागत नाही, आणि घसरताना आइस अ‍ॅक्सने स्वतःला थोपवण्याचा सराव एकाने केला म्हणजे दुसऱ्याचा झाला, असेही होत नाही. यापेक्षा अधिक काय सांगू?

नद्यांबद्दल मात्र सांगायलाच हवे. सिएरात ४,००९ मीटर उंचीची फॉरेस्टर खिंड हा या संपूर्ण वाटेचा सर्वांत उंच बिंदू आहे. लोक तिची धास्ती घेतात, पण मला स्वतःला खिंडींपेक्षा ओढ्यांची भीती अधिक वाटते. दिवसभराच्या उन्हाने बर्फ वितळते आणि दुपारनंतर ओढे फुगत जातात. पहाटे तेच पाणी सर्वांत कमी असते. २०१७ च्या उन्हाळ्यात, भरपूर बर्फ पडलेल्या हिवाळ्यानंतर, सिएरातील प्रवाह ओलांडताना या वाटेवरील दोन तरुणींचा बुडून मृत्यू झाला. आम्ही सिएरातील बेअर क्रीक या ओढ्याच्या काठी पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. पाणी गढूळ नव्हते, उलट काचेसारखे स्वच्छ होते, त्यामुळे खोली कमी वाटत होती. पण तळातले गोटे एकमेकांवर आपटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. पती उतरायला तयार होते, पलीकडे चांगली सपाट जागाही दिसत होती. मी नाही म्हटले. त्यावर चर्चा झाली नाही, कारण निघण्यापूर्वीच आमचे ठरले होते की, जो नाही म्हणेल त्याचे चालेल आणि त्याला कारण देण्याची सक्ती नसेल. तंबू अलीकडेच लावला. संध्याकाळी ज्या चपट्या खडकावरून पाणी वाहत होते, तो सकाळी कोरडा पडलेला होता. सॅकचा कमरपट्टा सोडून, काठ्या टेकत, प्रवाहाकडे तोंड करून आम्ही मांडीभर पाण्यातून पार झालो.

हा नियम ऐकून अनेकांना वाटते की, त्यामुळे घाबरणाऱ्याचेच फावते. माझा अनुभव उलट आहे. ज्याला आपले ‘नाही’ मानले जाईल अशी खात्री असते, तो उगाच नाही म्हणत नाही आणि त्याचे ‘हो’ मनापासूनचे असते. चालण्याच्या वेगाचेही तेच. हळू चालणाऱ्याने पुढे असावे आणि मागच्याने त्याच्या गतीने यावे. वेगाने चालणाऱ्याला हे पहिले काही दिवस जड जाते, मग सवय होते. पुढे जाऊन वाट पाहत बसण्यात दयाळूपणा दिसतो. प्रत्यक्षात मात्र मागून आलेला माणूस टेकतो न टेकतो तोच विसावलेला माणूस उठतो, आणि ज्याला विश्रांतीची अधिक गरज असते त्यालाच ती सर्वांत कमी मिळते.

या वाटेवर ८०० किलोमीटरहून अधिक अंतर सलग चालायचे असेल तर जो विशेष परवाना घ्यावा लागतो, तो प्रत्येक व्यक्तीचा स्वतंत्र असतो; मेक्सिकोच्या सीमेवरून वसंत ऋतूत निघणाऱ्यांना दिवसाला जास्तीत जास्त ५० परवाने मिळतात आणि नवरा-बायकोलाही दोन घ्यावे लागतात. व्यवस्थेने जे गृहीत धरले आहे, तेच आपल्या वृत्तपत्रानेही गृहीत धरावे, एवढीच माझी विनंती आहे. अशा जोडप्याची मुलाखत घेताना दोघांनाही तेच प्रश्न विचारावेत. कोणता टप्पा तुम्ही आखलात, कुठून परत फिरायचे तुम्ही ठरवलेत, पाणी चुकले असते तर पुढचा झरा तुम्हाला ठाऊक होता का, हे पत्नीलाही विचारावे. तिची उत्तरे छापून आली, तर ती वाचून निघणाऱ्या पुढच्या जोडप्यातील दोघेही नकाशावर वाकतील.

जाता जाता एका माहितीची दुरुस्ती. ही वाट चालत थेट कॅनडात प्रवेश करता येतो, असे लेखावरून वाचकांना वाटेल. त्यासाठी दिला जाणारा कॅनडाचा विशेष परवाना २०२५ पासून बंद झाला आहे. उत्तरेकडच्या सीमास्तंभापर्यंत पोहोचल्यानंतर आता हार्ट्स पास या खिंडीपर्यंत सुमारे ४८ किलोमीटर मागे चालत यावे लागते. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात जाण्या-येण्याचे अन्न दोघांनीही सोबत ठेवावे, आणि त्या सुमारास वणव्यांमुळे वाटेचे काही भाग बंद असू शकतात, याची चौकशी हार्ट्स पास सोडण्यापूर्वीच करावी.

आपली विश्वासू,
एक वाचक