माळ्यावरचा निळा डबा टाकू नका

प्रिय आई, बाबा आणि चिन्या,

परवा कॉलवर आई म्हणाली की दिवाळीच्या आत खोली रिकामी करून द्यायचीय आणि रविवारी भंगारवाला येणार आहे, तेव्हापासून माझं लक्ष लागत नाहीये. मागे मिक्सर चालू होता, नीट बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. माळ्यावर डाव्या कोपऱ्यात, पिंपाच्या मागे, निळा बिस्किटांचा डबा आहे. त्यात निगेटिव्ह आहेत. तो डबा आणि बाबांचा याशिका कॅमेरा भंगारात जाता कामा नये. बाकी काय वाट्टेल ते द्या, माझी इंजिनिअरिंगची पुस्तकं दिलीत तरी चालेल.

एवढं का, ते सांगते. फेब्रुवारीपासून मी रोलवर फोटो काढायला शिकतेय. इथे मँचेस्टरमध्ये एका सेकंडहँड दुकानात पेंटॅक्स के१००० कॅमेरा मिळाला, बाबा तुम्हाला आवडेल, सगळं हाताने करायचं, फोकस हाताने, शटर हाताने, बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागते, ती संपली तरी फोटो निघतो. १९७६ ला आला आणि १९९७ ला बंद झाला, म्हणजे आपला चिन्या जन्मला त्याच वर्षी. त्या मीटरला बंद करायचं बटणच नाही, लेन्सवर झाकण लावायचं, आत अंधार झाला की मीटर झोपतं. मला हे माहीत नव्हतं, दोन बॅटऱ्या अशाच गेल्या.

पहिला रोल पूर्ण वाया गेला. पाडव्याला आम्ही चौघींनी बाल्कनीत गुढी उभारली होती, कडुलिंब नव्हता पण साखरेची माळ मी घरी केली होती, त्याचे सगळे फोटो त्यात होते. ३६ चा रोल, काउंटर ३६ वर गेला, ३७ झाला, ३८ झाला, तरी लिव्हर आपला फिरतोय. तेव्हाच कळायला हवं होतं. लॅबमधून आली ती नुसती पारदर्शक पट्टी, कडेला कंपनीचं नाव आणि नंबर, बाकी काही नाही. फिल्मचं टोक आतल्या रिळात अडकलंच नव्हतं, म्हणजे एकही फ्रेम पुढे सरकली नव्हती. मी दुकानात उभ्या उभ्या रडले. तिथल्या म्हाताऱ्या काकांनी एक गोष्ट शिकवली ती कायमची लक्षात राहिली: लिव्हर ओढताना डावीकडचा गुंडाळायचा नॉब बघायचा, तो उलटा फिरतोय म्हणजे फिल्म चाललीय, नाही फिरला तर थांबायचं.

त्यानंतर मात्र जमत गेलं. आता ब्लॅक अँड व्हाइट मी घरीच धुते. इलफर्ड कंपनीचा एचपी५ रोल वापरते, तो इथून जवळच मोबर्लीला बनतो. रोल रजईखाली, दिवे बंद करून, चाचपडत रिळावर चढवायचा, टाकीचं झाकण लावलं की मग दिवे लावले तरी चालतात. केमिकल २० डिग्रीला, साडेसात मिनिटं, दर मिनिटाला दहा सेकंद टाकी उलटीसुलटी करायची. मुंबईत नळाचं पाणी एवढं गार कुठे असतं, तिथे बर्फाच्या पाण्यात बाटली ठेवावी लागेल. मग फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं केमिकल, मग भरपूर पाणी. आणि शेवटी टाकी उघडून ती ओली पट्टी बाथरूमच्या दांडीला चिमट्याने लावते ना आई, तो क्षण मला कुणाला तरी दाखवायचा असतो. सगळं उलटं दिसतं, आकाश काळं, केस पांढरे, पण माणूस ओळखू येतो. मैत्रिणीच्या हातातली बांगडीसुद्धा दिसत होती.

हे सगळं हाताने केल्यावर लक्षात आलं की निगेटिव्ह म्हणजे काय. आपण घरी प्रिंटलाच फोटो म्हणतो आणि निगेटिव्ह कुठेतरी कोंबतो. पण कॅमेऱ्यात त्या दिवशीचा उजेड जिच्यावर पडला ती वस्तू निगेटिव्हच, प्रिंट नंतर कितीही काढता येतात. देवघराच्या बाजूला आज्जीचा पापड वाळत घालतानाचा फोटो आहे, तो आता सगळा गुलाबी पडलाय, आज्जीच्या लुगड्याचा रंग कुठला होता तेही कळत नाही. त्याची निगेटिव्ह त्या डब्यात असणार आणि ती बरी असेल तर तो रंग अजून परत येऊ शकतो. शिवाय बाबा, तुम्ही म्हणाला होतात ना की आजोबांकडे अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री होता. त्याच्या निगेटिव्ह वेगळ्या ओळखू येतील, मोठ्या चौकोनी, एका रोलमध्ये बाराच. त्या आधी शोधा.

डबा उघडलात तर पट्ट्या फक्त कडेला धरा, बोट मध्ये लावू नका. पावसाळ्याने एकमेकींना चिकटल्या असतील तर ओढू नका, पाणीही लावू नका, तशाच राहू देत, मी बघेन. चपला-पर्समध्ये येतात त्या सिलिकाच्या पुड्या आत टाका. चिन्या, बघायची घाई असेल तर टॅबवर पांढरी स्क्रीन लाव, त्याच्यापासून जरा वर पट्टी धर, मोबाईलने फोटो काढ आणि रंग उलटे कर. रंगीत असेल तर निळसर दिसेल कारण निगेटिव्ह मुळात नारिंगी असते, पण कोण आहे ते कळेल.

आता दुसरं काम, तेही चिन्यासाठीच. खोली सोडायच्या आधी याशिकावर एक रोल काढ. तुझ्या मोबाईलमध्ये हजार फोटो असतील चाळीचे, मला माहितेय, पण ते तू परत बघतोस का? ३६ असले की माणूस जिन्यात थांबतो, बघतो, मग दाबतो. आधी सेलची जागा उघड, सेल आत राहून गळले असतील तर ते साचलेलं नीट पुसून कोरडं कर. रोल बोरा बाजारात मिळेल, महाग झालाय पण पैसे मी पाठवते. ४०० चा घे, तो कमी उजेडात चालतो, १०० चा नको, आपल्या जिन्यात दुपारीसुद्धा अंधार असतो. कॅमेऱ्यावर पण ४०० लाव, ते विसरायचं नाही. त्या कॅमेऱ्यात फोकस करायला लागत नाही पण फार जवळ जाऊ नकोस, चार हात लांब राहा. ऊन सरळ तीनच्या सुमाराला चौकात उतरतं, तेव्हा काकूंच्या दारासमोर उभा राहा.

काय काढायचं म्हणून विचारशील. मोठं काही नको. होमाई व्यारावाला, आपल्या देशातली पहिली बाई प्रेस फोटोग्राफर, आपल्याच जे. जे. आर्ट स्कूलमध्ये शिकलेली, तिने पुढे नेहरू, माउंटबॅटन सगळे काढले, पण मला तिचे सुरुवातीचे आवडतात, कॉलेजातल्या मैत्रिणींचे, मुंबईतल्या रोजच्या माणसांचे. तू नळाची सकाळची रांग काढ. कठड्याचं ते लाकूड काढ जिथे आपल्या सगळ्यांचे हात लागून गुळगुळीत झालंय. आईला चुलीच्या, म्हणजे शेगडीच्या ओट्याजवळ काढ, ती नको म्हणेल, तरी काढ. बाबा गॅलरीत पेपर वाचताना. आज्जी जिथे पापड घालायची ती जागा, रिकामी.

रोल संपला की मागचं दार उघडायचं नाही, आधी पूर्ण गुंडाळायचा. मग डबीत घालून फ्रिजमध्ये ठेव, मावशी नोव्हेंबरात इकडे येतेय तिच्याबरोबर दे. पण हे मावशीला नीट समजाव: रोल मोठ्या बॅगेत टाकायचा नाही, विमानतळावर त्या बॅगांचं एक्सरे जोरदार असतं, फिल्म धुरकट होते, आणि हातातल्या बॅगेसाठी पण हल्ली काही ठिकाणी सीटीवालं नवीन मशीन आलंय ते तसंच करतं. रोल पारदर्शक पिशवीत वेगळा ठेवून हाताने तपासा म्हणून आधीच विनंती करायची. निगेटिव्हच्या डब्याला ही भीती नाही, त्या धुतलेल्या आहेत, कुठल्याही बॅगेत चालतील. मात्र डबा तिच्याकडे द्यायच्या आधी झाकणाला टेप लाव, त्याचं झाकण ढिलं आहे, लहानपणी मी उघडायचे तेव्हा नेहमी निघून यायचं.

रविवारी सकाळी मी फोन करते, भंगारवाला यायच्या आधी. डबा मला कॅमेऱ्यासमोर दाखवा.

तुमची,
ताई